करिंथचं न्यायासन

आज आपण करिंथला जाऊया. नकाशात ग्रीसचा दक्षिण भाग वरच्या भागाला एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेला दिसतो. ही पट्टी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम सहा किलोमीटर रुंद आहे, आणि तिच्याजवळच करिंथ वसलं होतं. शहराला बंदरं दोन: इटलीकडच्या बाजूला लेखायोन, आशियाकडच्या बाजूला किंख्रिया. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं. पौल तिथे आला तेव्हा या नव्या शहराला शंभर वर्षंही झाली नव्हती.

पौल अथेन्सहून आला. इथे त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं भेटलं. सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोम सोडायला लावलं, म्हणून ते इकडे आले होते. तिघांचा धंदा एकच, राहुट्या तयार करण्याचा. पौल त्यांच्याकडेच राहिला, हातांनी काम करून शिकवत राहिला. करिंथमध्ये तो दीड वर्षाहून अधिक काळ होता.

पुढे सभास्थानातल्या विरोधकांनी त्याला अखया प्रांताचा सुभेदार गल्लियो याच्या न्यायासनासमोर उभं केलं. हा गल्लियो म्हणजे तत्त्ववेत्ता सेनेका याचा भाऊ. पौलाने तोंड उघडण्याआधीच त्याने निकाल दिला: गुन्हा असता तर ऐकलं असतं, पण हा तुमच्या धर्मशास्त्राचा वाद आहे, तो तुम्हीच बघा. लगेच तिथेच, न्यायासनासमोर, सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस याला जमावाने मारलं. गल्लियोने लक्ष दिलं नाही. हे सगळं ‘प्रेषितांची कृत्ये’च्या अठराव्या अध्यायात आहे.

आता कोणी विचारेल, हे घडलं कधी? उत्तर डेल्फीला मिळालं. तिथे दगडावर कोरलेल्या क्लौद्याच्या एका पत्राचे तुकडे सापडले. त्यात गल्लियोचं नाव आहे, आणि सम्राटाच्या पदव्यांवरून ते पत्र इ.स. ५२ च्या सुमाराचं ठरतं. अशा सुभेदाराची मुदत साधारणपणे एका वर्षाची असे. म्हणजे हा खटला इ.स. ५१-५२ चा. पौलाच्या बाकीच्या प्रवासाची वर्षं अभ्यासक याच खुंटीला धरून मागेपुढे मोजतात. करिंथच्या उत्खननात भर चौकात एक उंच दगडी चौथराही उघडा झाला आहे. तेच हे न्यायासन, असं सहसा मानलं जातं.

त्या चौथऱ्यासमोर आपण जरा थांबूया. गल्लियोची स्तुती पुष्कळ होते, की राज्यकर्त्याने धर्माच्या वादात पडू नये हे त्याला कळलं. ते खरंच आहे. पण त्याच दिवशी, त्याच ठिकाणी एका माणसाला मार पडत होता. श्रद्धेचा निवाडा करायला नकार देणं वेगळं, आणि डोळ्यांदेखत चाललेल्या मारहाणीकडे काणाडोळा करणं वेगळं. गल्लियोने दोन्ही एकाच हिशेबात बसवलं. आपण मात्र हा प्रसंग वाचताना सोस्थनेसला विसरू नये.