गाडी सात जणांची, पण सातवा बसणार कुठे?

कुटुंब वाढले की मोठ्या गाडीचा विचार सुरू होतो. पण सीट मोजून पैसे भरले आणि पहिल्याच प्रवासाला आजी घरी राहिल्या, तर त्या गाडीचा उपयोग काय?

ग्वाल्हेरला भाच्याची मुंज आहे. झाशीहून अंतर जेमतेम १०० किलोमीटर. सकाळी सातला निघायचे ठरलेले आणि दाराशी पाच जणांची गाडी उभी. घरात नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी, सासू-सासरे आणि कॉलेजात शिकायला आलेला पुतण्या. मोजणी तीन वेळा होते, मांडीवर कुणाला घ्यायचे याचा खल होतो आणि शेवटी सासूबाईच म्हणतात, ‘‘तुम्ही या जाऊन. माझे गुडघे तरी कुठे साथ देताहेत? मी थांबते घरी.’’

प्रश्न सुटतो. पण गाडी सुरू होताना दारात उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहून सुनेच्या मनाला टोचणी लागतेच.

हे चित्र कुठल्याही एका घराचे नाही, बऱ्याच घरांचे आहे. झाशीत तर मराठी माणसांचे गोत दूरवर पसरलेले. १७४२ मध्ये पेशव्यांचे सरदार नारो शंकर येथे सुभेदार म्हणून आले, पुढे नेवाळकरांची गादी झाली आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठी घरे बुंदेलखंडात रुजली. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचे लग्न लागले, ते आजही शहराच्या जुन्या भागात आहे. पण कुणाची मावशी ग्वाल्हेरला, कुणाचे दीर सागरला, कुणाचे माहेर इंदूरला किंवा नागपूरला. लग्नमुंजी आल्या की सगळ्यांना एकत्र निघावे लागते. अशा वेळी सात जणांची गाडी घ्यावीशी वाटली तर नवल नाही. मात्र ती घेताना सीट किती हे विचारून भागत नाही. कोणत्या सीटवर कोण बसणार, हे आधी ठरवावे लागते.

आधी दिवस मोजा

कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि गेल्या वर्षभरात घरातली सहा किंवा सात माणसे एकत्र किती दिवस बाहेर पडली ते लिहा. शाळा, ऑफिस, भाजीबाजार वगळा. मुंज, लग्न, ओरछ्याच्या रामराजाचे दर्शन, दतियाच्या पीतांबरा पीठाची फेरी एवढेच धरा.

ही संख्या वर्षाला पाच-सहा दिवसांवर आली, तर मोठी गाडी विकत घेण्याऐवजी त्या दिवसांपुरती भाड्याने घेणे सोयीचे आणि स्वस्तही पडेल. महिन्यातून दोन-तीन वेळा सगळे निघत असतील, तर मात्र गाडी घरची असलेली बरी.

आणखी एक मोह आवरायला हवा. ‘पुण्याला गाडीनेच जाऊ’ या कल्पनेने पुष्कळ जण गरजेपेक्षा मोठी गाडी घेतात. झाशीहून पुणे हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन एवढा पल्ला गाठायला झाशीवरून जाणारी झेलम एक्सप्रेस केव्हाही बरी. गाडी निवडायची ती ग्वाल्हेर, ओरछा, दतिया आणि फार तर सागरपर्यंतच्या प्रवासासाठी.

तिसऱ्या रांगेची परीक्षा

पूर्वी मोठ्या गाडीची कल्पना निराळी होती. टाटांची सुमो १९९४ मध्ये आली. टाटांच्या पुण्याच्या कारखान्याला आकार देणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले गेले. तिच्या मागच्या भागात समोरासमोर बाके असत आणि पोरेटोरे तिथे दाटीवाटीने बसत. २०१९ मध्ये सुमोचे उत्पादन थांबले, पण ‘मागे काय, कसेही बसतात’ ही समजूत मात्र अजून गेलेली नाही.

तिसरी रांग बहुधा मागच्या चाकांच्या वर येते. तिथे गाडीचा तळ उंच असल्याने सीट आणि तळ यांतले अंतर कमी राहते आणि बसणाऱ्याचे गुडघे वर येतात. खड्ड्याचा दणकाही तिथेच जास्त बसतो, त्यामुळे पोटात ढवळणारी मुले मागे बसवली की त्रास वाढतो. म्हणून शोरूममध्ये गेल्यावर घरातल्या सर्वांत उंच माणसाने आधी तिसऱ्या रांगेत बसावे आणि पंधरा मिनिटे बसून राहावे. दोन मिनिटांत कोणतीही सीट चांगलीच वाटते.

आता वरच्या घरातली माणसे बसवून पाहू. पुढे चालवणारा नवरा आणि शेजारी सासरे. मधल्या रांगेत डाव्या दाराशी सासूबाई, मध्ये सून, उजवीकडे लहान मुलीचे बालआसन. मागे मुलगा आणि पुतण्या. सात जण बसले. पण मागे जायचे तर मधल्या रांगेची कडेची सीट पुढे दुमडावी लागते. बालआसन बांधलेली सीट दुमडता येत नाही. राहिली सासूबाईंची सीट. म्हणजे वाटेत मुलाला लघवीला उतरायचे झाले, तरी आधी सासूबाईंनी उतरायचे! दुखऱ्या गुडघ्यांना चार वेळा चढउतार करायला लावली, तर पुढच्या वेळी त्या आपणहून घरी थांबतील.

याला उपाय म्हणजे मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली गाडी. दोन खुर्च्यांच्या मधून मागे जाता येते आणि कुणाला उठावे लागत नाही. मात्र अशी रचना सहा जणांच्या गाडीत असते, किंवा सात जणांच्या गाडीत असली तर मागच्या रांगेत तिघांना बसावे लागते. तुमच्या घरात मागे बसणारे तिघे अंगाने बारीक आहेत का, ते पाहून ठरवा.

सासूबाईंची परीक्षा वेगळी घ्या. गाडीचे दार उघडल्यावर सीट त्यांच्या कंबरेच्या उंचीला आली पाहिजे. फार खाली असेल तर उठताना जोर लावावा लागतो, फार उंच असेल तर पायरी लागते. त्यांना शोरूममध्ये नेल्याशिवाय हे कळणार नाही. गाडी पाहायला पुरुषांनी जायचे आणि घरी येऊन रंग सांगायचा, ही पद्धत सोडून द्यायला हवी.

सामान ठेवणार कुठे?

जाहिरातीतली प्रशस्त डिकी बहुतेक वेळा तिसरी रांग दुमडून दाखवलेली असते. सातही जण बसल्यावर उरते ती जागा फारच थोडी. मारुतीच्या अर्टिगात ती २०९ लिटर आहे, कियाच्या कॅरेन्समध्ये २१६ लिटर आणि रेनोच्या ट्रायबरमध्ये अवघी ८४ लिटर. दोनशे लिटरमध्ये दोन-तीन लहान बॅगा मावतात. ८४ लिटरमध्ये फराळाचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की डिकी भरली. मुंजीचा आहेर आणि सात जणांचे कपडे न्यायचे तर छतावर कॅरियर लावावे लागेल.

सीएनजीची गाडी घेताना हा हिशेब आणखी नीट करा. अर्टिगाचे सीएनजी रूप किलोमागे २६.११ किलोमीटरचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज देते, पण त्याची टाकी डिकीतच बसवलेली असते. रोज थोडी माणसे आणि खूप धावपळ असेल तर सीएनजी फायद्याचा. सात जण आणि सामान घेऊन वारंवार जायचे असेल तर पेट्रोलच बरे.

बोळ आणि ऊन

जुन्या झाशीतल्या खंडेराव गेट किंवा बडा बाजार भागात ज्यांची घरे आहेत, त्यांनी गाडी पाहण्याआधी गल्ली मोजावी. अर्टिगाची लांबी सुमारे ४.४ मीटर, कॅरेन्सची ४.५४ मीटर आणि टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसची सुमारे पावणेपाच मीटर. अर्टिगा १.७३ मीटर रुंद आहे, तर हायक्रॉस १.८५ मीटर. त्यात दोन्ही बाजूंचे आरसे मिळवा. गाडी रोज लांब उभी करून सासूबाईंना तिथवर चालत न्यावे लागणार असेल, तर मोठ्या गाडीचे सुख अर्धे झाले. गल्ली अरुंद असेल तेथे चार मीटरांच्या आतली ट्रायबर सोयीची पडते.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. एअरकंडिशनर पुढे कितीही थंड करो, तिसऱ्या रांगेपर्यंत वारा पोहोचतो का, हे महत्त्वाचे. मागे वेगळे झरोके आहेत का, वाऱ्याचा जोर मागे कमी-जास्त करता येतो का, हे पाहा. शक्य असेल तर गाडी दुपारी दोन वाजता पाहायला जा.

पट्टा सातही जणांना

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसणाऱ्यालाही पट्टा तितकाच आवश्यक असतो, याची तेव्हा देशभर चर्चा झाली. कायदा तर त्याआधीचा आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा न बांधता किंवा बालआसनात न बसवता नेले तर १००० रुपये दंड आहे.

म्हणूनच मुलांना मांडीवर घेणे हा उपाय नव्हे. अचानक ब्रेक लागला की आईचे हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत. गाडी घेताना सातही जागांवर खांद्यावरून येणारा पट्टा आहे ना, ते हाताने ओढून पाहा. बोलेरोसारख्या काही गाड्यांत मागे अजूनही आडवी बाके असतात. खडबडीत रस्त्याला आणि शेतावरच्या कामाला ही गाडी दणकट आहे, पण आडव्या बाकावर खांद्याचा पट्टा नसतो. तिथे मुलांना बसवून हमरस्त्याने ग्वाल्हेर गाठणे योग्य नाही.

धडकेच्या चाचणीत गाडीला किती तारे मिळाले, हेही विचारा. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात ‘भारत एनकॅप’ ही चाचणी सुरू झाली आहे. तारे विचारताना चाचणीचे वर्ष विचारायला विसरू नका आणि मुलांच्या सुरक्षिततेचे तारे वेगळे असतात, तेही पाहा.

कुणाला कोणती?

घरात पाच माणसे आणि अधूनमधून दोन पाहुणे, गल्ली अरुंद आणि हात आखडता असेल, तर २०१९ मध्ये आलेली ट्रायबर पुरेशी आहे. तिची तिसरी रांग काढून घरी ठेवता येते आणि मग डिकी ६२५ लिटरची होते. मात्र तिचे इंजिन एक लिटरचे, ७२ अश्वशक्तीचे आहे. सात जण बसल्यावर ट्रक ओलांडताना धीर धरावा लागतो.

सहा-सात माणसे नेहमीच एकत्र निघत असतील, तर २०१२ पासून भारतीय घरांत रुळलेली अर्टिगा किंवा २०२२ मध्ये आलेली कॅरेन्स पाहावी. अर्टिगाचे इंजिन दीड लिटरचे आहे आणि मारुतीचे कारागीर छोट्या गावातही सापडतात. कॅरेन्समध्ये सुरुवातीपासूनच सहा एअरबॅग आहेत आणि तिची मधली सीट बटण दाबताच दुमडते, हे वयस्कर माणसांच्या घरात मोठे काम वाचवते.

तिसऱ्या रांगेतही मोठी माणसे बसणार असतील आणि प्रवास लांबचे असतील, तर इनोव्हाला पर्याय शोधणे कठीण. पण तिला किंमतही तशीच मोजावी लागते आणि जागाही तशीच लागते.

पैशांचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा कर बदलला. चार मीटरांच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के. म्हणजे ट्रायबर आणि अर्टिगा यांच्या किमतीतले अंतर केवळ आकाराचे नाही, कराचेही आहे. विमा, नोंदणी आणि टायर यांचा खर्च वेगळा. कर्ज काढून दोन जादा सीट घ्यायच्या आणि त्या वर्षभर दुमडलेल्या ठेवायच्या, हे शहाणपणाचे नव्हे.

आणि एक शेवटची गोष्ट. पैसे भरण्यापूर्वी गाडी चालवून पाहायला घरातले सातही जण न्या. विक्रेता थोडा कुरकुरेल, पण विनंती केली की बहुधा ऐकतो. सगळ्यांनी आपापल्या जागी बसायचे, पट्टे बांधायचे, दोन बॅगा डिकीत टाकायच्या आणि चढावर, खड्ड्यांतून अर्धा तास फिरून यायचे. परतल्यावर पहिला प्रश्न चालवणाऱ्याला विचारू नका. मागून उतरणाऱ्या पुतण्याला विचारा आणि मग सासूबाईंना.

त्या म्हणाल्या, ‘‘या गाडीतून मी ग्वाल्हेरला येईन गं,’’ तर समजा, गाडी सापडली.