अणुकचऱ्याला काचेची कोंडी : आयनाचा आकार ठरवतो टिकाऊपणा

अणुभट्टीत वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया केल्यानंतर अत्यंत किरणोत्सारी द्रव कचरा उरतो. तारापूर आणि मुंबईतील तुर्भे येथील प्रकल्पांत हा कचरा बोरोसिलिकेट काचेत मिसळून, वितळवून पोलादी डब्यांत बंद केला जातो. त्यातील सिझियम-१३७ चा किरणोत्सार दर ३० वर्षांनी निम्मा होतो. तो एक हजारांशावर येण्यास सुमारे ३०० वर्षे लागतात. एवढा दीर्घ काळ काचेने पाण्याला दाद देता कामा नये. ही क्षमता बऱ्याच अंशी काचेतील आयनांच्या आकारावर अवलंबून असते.

काच म्हणजे नेमके काय, हे साखरेवरून सहज कळते. नंदुरबार जिल्ह्यातील पुरुषोत्तमनगर साखर कारखान्यासाठी ओळखले जाते. कारखान्यात उसाचा रस आटवून साखरेचे दाणे पाडतात. दाण्यात रेणू शिस्तीत रचलेले असतात. लिमलेटच्या गोळीत मात्र तापवलेला घट्ट पाक झटपट थंड केलेला असल्याने रेणूंना रांग लावण्यास उसंत मिळत नाही. ती गोळी एक प्रकारची काचच होय.

वाळूपासून बनणाऱ्या काचेत सिलिकॉनचा आयन अवघ्या २६ पिकोमीटर त्रिज्येचा असतो. चार ऑक्सिजनच्या मधल्या पोकळीत तो चपखल बसतो आणि त्यातून भक्कम जाळे विणले जाते. पण शुद्ध वाळू वितळण्यास १७०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. एवढ्या उष्णतेत सिझियम वाफ होऊन निसटेल. म्हणून जाळ्यात बोरॉन आणि सोडियम मिसळतात. सोडियमचा आयन १०२ पिकोमीटरचा. तो जाळ्याचे काही दुवे तोडून फटींत बसतो आणि काच सुमारे एक हजार अंशांच्या आसपास वितळवता येते. मात्र सोडियम वाढले की जाळे सैल होते व पाण्याचा शिरकाव सुकर होतो.

तुर्भे येथील कचऱ्यात आणखी एक अडचण होती. पुनर्प्रक्रियेत वापरलेल्या फेरस सल्फामेटमुळे त्यात सल्फेट उतरले. नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत सल्फेट जेमतेम एक टक्का सामावते. उरलेले वेगळे होऊन पिवळा थर जमतो. हा थर पाण्यात विरघळतो आणि सोबत सिझियमही घेऊन जातो.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी यावर बेरियमयुक्त बोरोसिलिकेट काचेचा उपाय शोधला. बेरियमचा आयन १३५ पिकोमीटरचा, म्हणजे कॅल्शियमहून बराच मोठा. दोघांचा विद्युतभार सारखा असला तरी मोठ्या आयनाची शेजारच्या ऑक्सिजनवरील पकड सैल असते. अशा काचेत सल्फेटसारख्या अवजड आयनाला अधिक जागा मिळते आणि पिवळा थर टाळता येतो.

आकाराचा हाच गुण मोबाइलच्या काचेतही कामी येतो. काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवली की पृष्ठभागावरील सोडियमची जागा १३८ पिकोमीटरचे पोटॅशियम घेते. लहान जागेत मोठा आयन दाटीने बसल्याने पृष्ठभाग आवळला जातो आणि ओरखड्यातून तडा पसरणे अवघड होते.

तुर्भे येथे कचऱ्यातून वेगळे काढलेले सिझियमही काचेतच बांधले जाते. या काचेच्या कांड्या रक्तपेढ्यांतील रक्त-किरणन यंत्रांत वापरल्या जातात. तेथेही कसोटी तीच : सिझियम काचेबाहेर पडता कामा नये.