नटाला काम मिळवून देणारी माणसे

नाटकाचा पडदा वर गेला म्हणजे आपण नटाकडे पाहतो. तो तेथवर कसा पोचला, त्याला कोणी बोलावले आणि हा प्रयोग आटोपल्यावर उद्या तो काय करणार, हे प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाहीत. परंतु ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी एके दिवशी जेवता जेवता ‘मी नोकरी सोडून अभिनय करणार’ असे सांगते, त्या घराला हेच प्रश्न एकाएकी फार महत्त्वाचे वाटू लागतात. वाकडात अशी घरे आता थोडी नाहीत. शेजारी हिंजवडीत संगणकाच्या कचेऱ्या आहेत. तेथे दिवसभर काम करून संध्याकाळी एकांकिकेच्या तालमीला धावणारी तरुण मंडळी आम्ही पुष्कळ पाहतो. त्यांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना उपयोगी पडेल अशी या विषयाची थोडी उकल करावी, एवढाच येथे हेतू आहे.

एके काळी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि पुढे नाटकमंडळ्या निघाल्या. नट एकदा मंडळीत शिरला की त्याचे जेवणखाण, बिऱ्हाड, प्रवास आणि पगार हे सारे मंडळीच्या अंगावर असे. काम शोधावयाचे ते एकदाच. नारायण राजहंस नावाचा गोड गळ्याचा मुलगा १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने. पुढे तोच बालगंधर्व झाला. मुलाचा गुण ओळखणारा, मंडळीची गरज जाणणारा आणि दोघांनाही ज्याचा शब्द मोडवणार नाही असा माणूस मध्ये उभा राहिला. आज ज्याला आपण सल्लागार म्हणतो त्याचे निम्मे काम यात आले. अर्थात प्रत्येकाला शाहू महाराज भेटत नाहीत.

चित्रपट आला तेव्हाही आरंभी हीच पद्धत होती. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्यास आली. तेथे नट कारखान्यातल्या कामगारासारखे महिन्याच्या पगारावर असत. देव आनंद आणि गुरुदत्त हे दोघेही तरुणपणी प्रभातच्या नोकरीत होते. १९५३ साली प्रभात बंद पडली. अशा कंपन्या मोडल्या, इकडे नाटकमंडळ्याही मोडल्या होत्या, आणि नट मोकळा झाला. मोकळा झाला म्हणजे निराधार झाला. पगार जाऊन ‘नाइट’ आली, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, नाहीतर नाही. एका नटाला दहा निर्माते ठाऊक असत नाहीत आणि एका निर्मात्याला हजार नट आठवत नाहीत. या फटीतच मध्यस्थाचा जन्म झाला. त्याला बरेवाईट म्हणण्याआधी तो का जन्मला हे ध्यानात ठेवलेले बरे.

मध्यस्थी म्हणजे काय हे ज्याला डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याने मुंबईस जाण्याआधी नारायणगावास जावे. नाशिक फाट्यावरून चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडले की नारायणगाव येते. विठाबाईंचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा भरतात. आपल्या वाकड-हिंजवडीच्या म्हातोबाचे बगाडही चैत्रातलेच. या जत्रांच्या हंगामापूर्वी नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. राहुटीवर फडाच्या नावाची पाटी, आत फडाचा व्यवस्थापक आणि समोर तारखांची वही. गावोगावचे पंच येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, कोणत्या फडात यंदा कोण नाचते, सोंगाड्या कोण, वग कोणता याची चौकशी करतात, घासाघीस होते आणि अखेर सुपारी ठरते. गुढीपाडव्याच्या सुमारास ही गर्दी ऐन भरात असते. विसार दिला की तारीख पक्की. जत्रेचा मुख्य दिवस असेल तर भाव चढा, आडवार असेल तर उतरता. यात लपवाछपवी नाही. माल काय, भाव काय, घेणारा कोण, हे सर्वांना दिसते.

पण राहुटीच्या मागची बाजू पाहिली म्हणजे दुसरा व्यवहार दिसतो. फडातले कलावंत हंगामाच्या आधी मालकाकडून ‘उचल’ घेतात. घरात लग्न असते, आजारपण असते, पावसाळ्याचे चार महिने हाताला काम नसते. ही उचल पुढे पगारातून कापली जाते. हंगाम बरा गेला तर फिटते, पाऊस अवेळी आला, जत्रा मोडल्या तर अंगावर राहते आणि कलावंत पुढल्या वर्षीही त्याच फडाला बांधला जातो. फडमालकही बहुधा सावकाराचे देणे डोक्यावर घेऊनच हंगामाला उतरतो. म्हणून त्या एकट्याला दोष देऊन भागत नाही. सुपारी कशी ठरवावी हे गावच्या पंचांना उत्तम कळते, फडमालकालाही कळते. कळत नाही ते नाचणाऱ्या बाईला, कारण त्या बोलण्यात तिच्या बाजूने बसलेला कोणीच नसतो. आमच्या मते नटाच्या सल्लागाराची गरज कोठे आहे ते येथे जेवढे स्पष्ट दिसते तेवढे मुंबईच्या वातानुकूल कचेरीत दिसत नाही.

आता मुंबईकडे वळू. वाकडच्या पुलाजवळून पहाटेची गाडी पकडून अंधेरी-वर्सोव्याला जाणारी आपली मुले तेथे ज्या लोकांना भेटतात त्यांत तीन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करणे महागात पडते.

पहिला कास्टिंग डायरेक्टर. हा निर्मात्याचा माणूस. पटकथा वाचून कोणत्या भूमिकेला कोण शोभेल हे तो सुचवतो, चाचण्या घेतो आणि शेवटचा निर्णय दिग्दर्शक व निर्माता घेतात. त्याचे पैसे निर्माता देतो. आपल्याकडे हा पेशा तसा नवा आहे. ‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटासाठी डॉली ठाकूर यांनी येथील नटांच्या निवडीचे काम केले. त्यातील कस्तुरबांच्या भूमिकेने पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी जगभर माहीत झाल्या. पुढे ‘बँडिट क्वीन’साठी तिग्मांशू धुलिया यांनी आणि ‘गँग्ज ऑफ वासेपूर’साठी मुकेश छाब्रा यांनी केलेल्या निवडी गाजल्या. अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिकांत या कामासाठी वेगळे पारितोषिक ठेवण्याचे तर २०२४ साली ठरले. सांगावयाचा मुद्दा हा की, चांगला कास्टिंग डायरेक्टर नटाकडून कधी पैसे घेत नाही. घेण्याचे त्याला कारणच नाही.

दुसरा कोऑर्डिनेटर. मालिका आणि जाहिरातींच्या जगात हा फार. अमक्या मालिकेत दोन दिवसांसाठी वकील हवा, तमक्या जाहिरातीत चाळिशीची गृहिणी हवी, हे त्याला आधी कळते. तो नटाला कळवतो आणि मिळालेल्या मानधनातून ठराविक टक्के कापून घेतो. हा लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा, दोन्हीकडचा. काम झाले की त्याचा संबंध संपला.

तिसरा व्यवस्थापक किंवा एजंट. हा मात्र नटाचा. नटाच्या वतीने भाव ठरवणे, तारखा सांभाळणे, करार वाचणे, थकलेले पैसे मागणे ही त्याची कामे. त्यालाही टक्केवारीच मिळते, परंतु नटाचे मानधन वाढले तर त्याचेही वाढते, म्हणून दोघांचे हित एका दिशेने जाते. अमेरिकेत नटांच्या संघांनी एजंटची टक्केवारी दहाच्या वर जाऊ दिलेली नाही. कॅलिफोर्निया राज्यात तर नटाचे प्रतिनिधित्व करण्यासाठी त्याच्याकडून आगाऊ फी घेणेच कायद्याने बंद केलेले आहे.

या तिघांहून वेगळा तो सल्लागार. तो काम देत नाही, हे पहिल्याप्रथम समजून घेतले पाहिजे. तो नटाला काम मागावयास शिकवतो. आपल्याकडे या नावाचा स्वतंत्र धंदा फारसा रुजलेला नाही. एखादा जुना दिग्दर्शक, नाट्यशिक्षक किंवा थकलेला पण अनुभवी नट हे काम करतो, कधी फी घेऊन आणि पुष्कळदा चहावर. न्यूयॉर्कमध्ये मात्र १८८२ साली स्थापन झालेला नटांचा एक साहाय्यनिधी आहे, आणि कलावंतांना उपजीविकेविषयी सल्ला देणारे केंद्र तो आज चालवतो. तेथे मुख्य भर आहे तो नाटके नसतील त्या महिन्यांत नटाने कोणते जोडकाम करावे यावर. आपल्याकडच्या कित्येक तरुणांना हा सल्ला अपमान वाटेल. आम्हाला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

चांगला सल्लागार करतो तरी काय? तो प्रथम नटाला स्वतःकडे परक्याच्या नजरेने पाहावयास लावतो. चोवीस वर्षांच्या मुलाला वाटते आपण नायक. कॅमेऱ्यात तो नायकाचा मित्र, तरुण फौजदार किंवा कारकून दिसतो. यात कमीपणा काही नाही, कारण एका मालिकेत नायक एक असतो आणि फौजदार बदलत राहतात. मग तो छायाचित्रांचा खर्च कमी करावयास सांगतो. निवड करणाऱ्याला हवी असतात ती साधी छायाचित्रे: समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचे, आज जसे दिसता तसे. चाचणीची चित्रफीत हल्ली घरीच भ्रमणध्वनीवर करून पाठवतात. सपाट भिंत, चेहऱ्यावर पुरेसा उजेड, स्वच्छ आवाज, आरंभी नाव, वय, उंची आणि येत असलेल्या भाषा. भाषांच्या बाबतीत आम्ही एक सुचवू. मुळशी-मावळची बोली ज्याला घरातून मिळाली आहे त्याने ती पुसून टाकण्याची घाई करू नये. प्रमाण मराठी शिकावी, हिंदी सुधारावी, पण बोली ठेवावी. तिच्यासाठीच कोणी बोलावील.

त्यानंतर पैशाचा हिशेब. मालिकेत काम केल्यावर मानधन हाती पडावयास तीन तीन महिने लागतात, ही तेथील रूढीच आहे. मिळणाऱ्या रकमेतून बहुधा दहा टक्के कर आधीच कापलेला असतो. उत्पन्न थोडे असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, पण नवखा नट विवरणपत्रच भरत नाही. नोकरी सोडण्यापूर्वी किती महिन्यांचे भाडे आणि जेवण गाठीला आहे हे जो विचारत नाही तो सल्लागार कसला?

नोकरी सोडण्याच्या बाबतीत दोन उदाहरणे आपल्या जवळचीच आहेत. डॉ. श्रीराम लागू पुण्यात कान-नाक-घशाचे शल्यवैद्य होते. ‘प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन’ या संस्थेतून ते १९५० नंतरच्या काळापासून नाटके करीत होते आणि पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर. निळू फुले लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते; राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव झाले आणि मग १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’ने चित्रपटात आले. दोघांनाही कोणी सल्लागार नव्हता, असे कोणी म्हणेल. परंतु दोघांच्याही पाठीशी संस्था होती, वर्षानुवर्षे तालीम होती, आणि त्यांचे काम पाहून लोक त्यांच्याकडे आले. आज तीच वाट शोधणाऱ्याला राज्य नाट्यस्पर्धा आहे, महाविद्यालयीन मुलांना १९६३ पासून चाललेला पुरुषोत्तम करंडक आहे आणि कारखान्यातील मंडळींना कामगार कल्याण मंडळाची नाट्यस्पर्धा आहे. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि निळूभाऊंच्याच नावाचे पिंपळे गुरवचे रंगमंदिर आपल्या घराशी आहेत. शंभरावे नाट्यसंमेलनही जानेवारी २०२४ मध्ये याच शहरात भरले. कोण कोठे चांगले काम करतो याची खबर मुंबईला अशा ठिकाणांहूनच जाते.

आता फसवणुकीविषयी. तिचे रूप जवळजवळ ठरलेले असते. भ्रमणध्वनीवर निरोप येतो की आपली अमक्या मोठ्या मालिकेसाठी निवड झाली आहे. चाचणी न घेताच निवड! मग नोंदणीसाठी, ओळखपत्रासाठी, वेशभूषेच्या मापासाठी किंवा ‘परत मिळणाऱ्या’ अनामत रकमेसाठी थोडे पैसे मागतात. थोडे दिले की आणखी मागतात. कचेरीचा पत्ता विचारला तर हॉटेलातील खोलीचा देतात. मुलींना तर एकट्याच या म्हणून सांगतात. वर सांगितलेल्या तीन जाती ज्याने ध्यानात ठेवल्या आहेत तो येथे चटकन सावध होईल: निवडणाऱ्याला पैसे निर्माता देतो, मिळवून देणाऱ्याला ते मिळालेल्या कामातून मिळतात. काम मिळण्याआधी नटाने पैसे द्यावेत असा प्रसंग फक्त शिक्षकाच्या किंवा सल्लागाराच्या फीचा. आणि तो जर कामाची हमी देऊ लागला तर उठून यावे.

लहान मुलांचे आणखी वेगळे. आपल्या गृहसंकुलांतून बालकलाकारांच्या चाचण्यांच्या जाहिराती फिरतात आणि आईबाप हौसेने मुलांना नेतात. बालकामगारविषयक नियमांत २०१७ साली यासंबंधी तरतुदी आल्या. मुलाला दिवसातून पाच तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही, आणि सलग सत्तावीस दिवसांहून अधिक नाही. चित्रणापूर्वी निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावयाची असते, आणि मुलाची शाळा बुडणार नाही अशी व्यवस्था करावयाची असते. मुलाच्या मिळकतीपैकी निदान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत पडली पाहिजे आणि ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळाली पाहिजे. परवानगीचा कागद आणि ठेवीची पावती चित्रणाच्या ठिकाणी मागितली तर कोणी रागावतील. रागावू द्यावे, आणि कागद पाहिल्यावरच मुलाला रंग लावू द्यावा.