साडेतीन सुती, बारीक आटा

पहाटे ५:३०

गॅरेजचं शटर अर्धं वर करून आधी जीपपाशी जातो. महिंद्राची सीजे-३बी. बॉडी उतरवलेली, चासी घासून प्रायमर मारलेली, पाटे सुटे. टेबलावर जुने बोल्ट कागदी पाकिटांत आहेत आणि प्रत्येक पाकिटावर बोल्ट कुठून निघाला ते लिहिलंय: पुढचा डावा शॅकल, मागचा उजवा हँगर, क्रॉस मेंबर. सगळे बोल्ट एका डब्यात लोटणाऱ्याच्या हाती मी चासी देत नाही. जुना बोल्ट परत वापरायचा नसला, तरी दांड्यावर कुठे चमक आली, कुठे खाच पडली, यावरून भोक किती ढिलं झालं होतं ते कळतं.

मागच्या उजव्या हँगरचा बोल्ट व्हर्नियरमध्ये धरला. बारा मिलिमीटर. भोक मुळात अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७. कुणीतरी कधीतरी हाताशी होता तो एम-१२ घालून आवळला. सात दशांश मिलिमीटरच्या त्या फटीत बोल्ट खडीवर, खड्ड्यांत हिसके खात राहिला आणि गोल भोक लांबुळकं झालं. आता ते वेल्डने भरून, पुन्हा पाडून, रीमर फिरवून नेमकं अर्ध्या इंचाचं केलंय. त्यात जाणारा बोल्ट आज आणायचा आहे. नमुन्याचे बोल्ट, पिच गेज आणि व्हर्नियर पिशवीत टाकतो.

७:१५

डेक्कन क्वीन सुटली की यादी पक्की करायला बसतो. या जीपचा आराखडा मूळचा अमेरिकेतल्या विलीजचा, त्यामुळे तिचे बोल्ट इंची आणि बहुतेक ठिकाणी बारीक आट्याचे, यूएनएफ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुतीला इंचात २४ आटे, साडेतीन आणि चार सुतीला २०. अर्ध्या इंचाच्या जाड आट्यात यूएनसीला १३ येतात, विटवर्थला १२, आणि दोघांच्या आट्यांचा कोनही वेगळा: ६० अंश आणि ५५. चुकीचा नट दोन फेरे सरळ जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की आटे गेलेच.

यादीत माझा एक खास रकाना असतो: बिनआट्याचा दांडा किती लांब. हँगरच्या दोन्ही पत्र्यांतून दांडाच गेला पाहिजे. पत्र्याच्या कडेशी आटे आले, तर गाडीचा हिसका नेमका बोल्टच्या सगळ्यात बारीक जागेवर बसतो आणि आट्यांची धार भोक खात राहते. दुकानात लांबी सांगून बोल्ट मागणारे खूप भेटतात, दांडा मोजून मागणारे फार थोडे. रेस्टोरेशनमध्ये रंगावर लाख रुपये घालणारा मालक या रकान्याकडे बघतसुद्धा नाही, याचं मला वाईट वाटतं.

यादीच्या तळाशी क्रॉस मेंबरचे ढिले रिव्हेट. गरम ठोकलेला रिव्हेट फुगून भोक पूर्ण भरतो. त्याच्या जागी बोल्ट घालायचा तर तोही भोकात घट्ट बसणारा हवा, हातोडीच्या हलक्या टोल्याने जाणारा.

१०:२५

सीएसएमटीवरून चालत नागदेवी. मस्जिद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या मधल्या या गल्ल्यांत हातगाड्यांना वाट देत, दोन्ही बाजूंना टांगलेले नमुने बघत पुढे जायचं. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा माल किलोवर, एचटी, म्हणजे जास्त ताकदीचा, नगावर.

“शेठ, चार सुती यूएनएफ, एचटी, दांडा दीड इंच.”

“एम बारा घेऊन जा ना. सगळे तेच लावतात.”

“ते लावलेलं काढूनच आलोय.”

शेठ हसतात आणि पोऱ्याला माळ्यावर चढवतात. खोकं खाली येतं. डोक्यावर तीन रेघा, म्हणजे ग्रेड ५. सहा असत्या तर ग्रेड ८. मेट्रिकमध्ये याच्या जवळपासचे आकडे ८.८ आणि १०.९. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे साधारण ८०० मेगापास्कलला बोल्ट तुटणार. दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, तो कायमचा ताणला जाऊ लागणार. रेघांबरोबर बनवणाऱ्याची खूणही मी शोधतो. नुसती ग्रेड आहे आणि खूण नाही, असा बोल्ट चासीला लावत नाही.

दांडा सव्वा इंचाचाच निघतो. मग एक नंबर लांब बोल्ट घेतो. त्याचा दांडा पुरेसा आहे, शेपटाचे जादा आटे कापता येतील. नट त्याच ताकदीचे, वॉशर कडक केलेले. मऊ वॉशर दबतो आणि आवळलेला ताण निघून जातो.

दुपारी १२

चाकांचे स्टड. जुन्या विलीज घराण्यातल्या बऱ्याच जीपना डाव्या बाजूला उलटे आटे असतात आणि या जीपला ते अजून शाबूत आहेत. आधीच्या एका गॅरेजवाल्याने एक स्टड सुलट समजून पाइप लावून मोडला. त्याचा जोडीदार शोधायला तीन दुकानं पालथी घालतो. तिसऱ्या दुकानातले काका काही न बोलता ड्रॉवर उघडतात, स्टडवर नट डावीकडे फिरवून दाखवतात. पिच गेज लावला. वीस. पैसे देताना घासाघीस केली नाही.

१:३०

वडापाव, चहा.

दुपारी २

पुढच्या दुकानात चकाचक स्टेनलेस पुढे येतं. गंजत नाही हे खरं, पण नेहमीचं ए२-७० स्टेनलेस ४५० मेगापास्कललाच ताणलं जाऊ लागतं आणि त्याचे आटे आवळताना एकमेकांत जाम होतात. बॉडीच्या पत्र्याला चालेल, पाट्यांना नाही. मग १२.९ चा बोल्ट पुढे येतो, वर झिंकची झळाळी. याची मला जास्त भीती वाटते. इतक्या कडक पोलादावर विजेने झिंक चढवताना हायड्रोजन आत शिरतो. नंतर भट्टीत नीट भाजून तो काढला नाही, तर आवळलेला बोल्ट काही तासांनी, काही दिवसांनी, कुणी हात न लावता तडकतो. ग्रेड चढवून ढिलं भोक काही भरून निघत नाही. मी काळेच घेतो, वर रंग मारीन. सायलेन्सरजवळच्या जागांसाठी नायलॉक नको, नायलॉन उष्णतेने मऊ पडतं. तिथे संपूर्ण धातूचे लॉक नट. स्टिअरिंगच्या सांध्यांना खाचेचे नट आणि स्प्लिट पिन.

५:१०

परतीची डेक्कन क्वीन. पिशवी मांडीवर, कारण रॅकवरून पडली तर दुसऱ्याचं डोकं फुटेल.

रात्री ९

गॅरेजात प्रत्येक बोल्टवर त्याचाच नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवतो. एका नटाचे आटे डुलतात, तो बाजूला. प्रत्येक दांडा मोजून जुन्या पाकिटांवरच्या जागा नव्या पाकिटांवर उतरवतो आणि जुना बोल्ट मालकाला दाखवण्यासाठी आतच ठेवतो.

यू-बोल्ट उद्या सकाळी पाटेवाल्याकडून. जुने एकदा ताणले गेलेत, ते परत घेणार नाही. चारही नट आडवेतिडवे, थोडे थोडे आवळायचे. रबरी बुशांचे बोल्ट मात्र जीप चाकांवर उभी राहिल्यावरच, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो. हे सगळं खडूने भिंतीवर लिहितो आणि खाली मालकासाठी चिठ्ठी: पहिल्या काही शे किलोमीटरनंतर गाडी परत आणा, यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत.