शिरोलीच्या भट्टीवरून पाहिलेली अर्थचर्चा

आपल्याकडची अर्थचर्चा मुद्द्यावरून पक्षावर कशी घसरली, हे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून फार स्पष्ट दिसते.

२०१३च्या सुमारास इथल्या उद्योजकांनी वीजदरवाढीला कंटाळून कर्नाटकात जाण्याचा इशारा दिला होता. तेव्हा वाद कडाक्याचा झाला, पण तो युनिटच्या दरावर झाला. महाराष्ट्राचा आणि सीमेपलीकडचा दर शेजारी-शेजारी ठेवून लोक बोलत होते.

८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी आली आणि पहिला प्रश्नच बदलला: तुम्ही कुणाच्या बाजूचे? ऑगस्ट २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्याचे सांगितले, तेव्हाही खल झाला तो कोण खरे ठरले याचा. मधल्या काळात रोखीवर चालणाऱ्या छोट्या जॉबवर्कवाल्याने पगार कसे भागवले, हे क्वचितच कुणी विचारले.

२०१९ साली वाहन उद्योग मंदावला, त्याला ओतीव भाग (कास्टिंग) पुरवणाऱ्या इथल्या फौंड्रींच्या पाळ्या कमी झाल्या. त्यातच ऑगस्टच्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. २० सप्टेंबरला कंपनीकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा झाली. सभांतून आणि मथळ्यांतून उद्योगांना दिलासा मिळाल्याचा गजर झाला. पण सवलत कंपन्यांना होती; भागीदारीत किंवा एकट्याच्या मालकीने चालणाऱ्या युनिटला तिचा उपयोग नव्हता. आणि ऑर्डरच नसेल, तर कर कशावर वाचवायचा?

मे २०२२मध्ये पिग आयर्नच्या, म्हणजे फौंड्रीत वितळवल्या जाणाऱ्या कच्च्या लोखंडाच्या, निर्यातीवर १५ टक्के शुल्क लागले, नोव्हेंबरमध्ये ते उठले. चर्चा रंगली ती पोलाद कंपन्यांच्या घसरलेल्या शेअरची. फौंड्रीवाला मात्र पिग आयर्न विकणारा नव्हे, त्याचे गिऱ्हाईक. त्याची खरी अडचण अशी, की पिग आयर्न, भंगार आणि वीज आजच्या भावाने घ्यावी लागते. कास्टिंगचा वाढीव दर मात्र गिऱ्हाईक कंपनीकडून बहुधा तिमाही उलटल्यावर मिळतो. मधला खड्डा कर्ज काढून बुजवायचा आणि व्याज स्वतः सोसायचे.

यात नेत्यांकडून फार अपेक्षा नाही. त्यांना मते मागायची असतात. वर्तमानपत्रांकडून मात्र आहे, कारण तालुक्याच्या गावापर्यंत त्यांचा बातमीदार असतो. संपादकांना विनंती एवढीच: कर, शुल्क किंवा वीजदराचा निर्णय झाला, की नेत्यांच्या प्रतिक्रियांआधी त्याने एक किलो कास्टिंगचा खर्च किती बदलला आणि तो कुणाच्या खिशातून गेला, हे छापा.