निशाणावरची नावे

जपानी ‘युद्धध्वज’ म्हणून संग्राहकांच्या बाजारात जे विकले जाते, ते बहुतेकदा पलटणीचे निशाण नसतेच. सम्राटाने पायदळाच्या रेजिमेंटना बहाल केलेले ध्वज १९४५च्या शरणागतीच्या वेळी आदेशानुसार जाळण्यात आले. ३२१व्या रेजिमेंटचा ध्वज मात्र वाचला. तो टोकियोत यासुकुनी देवस्थानाच्या युशूकान संग्रहालयात आहे.

बाजारात येते ते ‘योसेगाकी हिनोमारू’. आघाडीवर निघालेल्या मुलासाठी घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सोबत्यांनी लाल सूर्यबिंबाभोवती शाईने नावे लिहिलेले रेशमी किंवा सुती कापड. त्यावर बहुधा चार ठळक अक्षरे असतात, ‘बुउन चोक्यू’: रणातले दैव दीर्घकाळ साथ देवो. शिपाई त्याची घडी अंगाशी बाळगी. तो पडला की शत्रूचा शिपाई आठवण म्हणून ती काढून घेई.

जाणकार संग्राहक शाई धाग्यांत कशी मुरली आहे, कोपऱ्यांना कातड्याचे तुकडे आहेत का, हे तपासतात. नकली माल पुष्कळ, तेव्हा ते रास्तच. पण माझ्या मते आधी वाचावीत ती नावे. ज्याच्यासाठी निशाण लिहिले, त्याच्या नावापुढे बहुधा ‘कुन’ असते. तेच आडनाव सह्यांमध्ये पुन्हा आले, तर ते बहुधा त्याचे घर. शिंतो देवळाचा शिक्का असला तर गावाचाही माग लागू शकतो.

अनेक घरी अस्थींऐवजी नुसता दगड ठेवलेली पेटी आली होती. अशा घराचे नाव वाचता येत असताना निशाण चौकटीत टांगणे मला पटत नाही. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातली ओबोन सोसायटी २००९पासून अशी निशाणे वारसांपर्यंत पोहोचवण्याचे काम करते आहे.