व्हिसाची प्रतीक्षा आणि विमानाचे तिकीट : अनिश्चिततेतील एका निर्णयाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पतिपत्नींपैकी एक जण अमेरिकेत नोकरीस आणि दुसरे व्हिसाच्या प्रतीक्षेत नागपुरास, ही स्थिती विदर्भातील मध्यमवर्गीय कुटुंबांत आता अपवादात्मक राहिलेली नाही. दोन-तीन आठवड्यांच्या रजेत विवाह पार पडतो, नोकरी करणारा जोडीदार परत जातो आणि मागे राहिलेल्याच्या घरी एकच प्रश्न फिरत राहतो : तिकीट कधीचे? आज काढावे तर व्हिसा वेळेवर न मिळाल्यास पैसे बुडतात. व्हिसा हाती आल्यावर काढावे तर भाडे चढलेले असते. प्रश्न वरकरणी घरगुती आहे. तथापि अनिश्चिततेत घ्यावयाच्या अनिवर्तनीय निर्णयाचे, म्हणजे घेतल्यावर सहजी मागे फिरवता न येणाऱ्या निर्णयाचे, याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. म्हणून त्याचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

सामान्यतः हा प्रश्न 'भाडे स्वस्त केव्हा असते?' या रूपात विचारला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, प्रश्नाचे हे रूपच सदोष आहे. विचारावयाचे ते हे की, तिकिटावरील तारीख चुकल्यास नुकसान किती होईल आणि ती चुकण्याचा संभव किती.

२. रेल्वेची सवय आणि विमानाचा नियम

मुलाखतीसाठी मुंबईस जावयाचे तर नागपूरकर विदर्भ एक्सप्रेसचे आरक्षण करून ठेवतो. जाणे रहित झाले आणि तिकीट पुरेसे आधी रद्द केले, तर थोडीच रक्कम कापली जाऊन बाकीची परत मिळते. 'आधी काढून ठेवू, जमले नाही तर रद्द करू' ही आपली वृत्ती या व्यवस्थेतून घडलेली आहे. विमानाच्या स्वस्त तिकिटास ती लागू पडत नाही. भारतीय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१६ च्या सुधारित नियमांनुसार मूळ भाडे परत न मिळणाऱ्या तिकिटावरही सरकारी कर व विमानतळाचे शुल्क परत करावे लागते. परंतु रद्द करण्याचा आकार मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेइतका असू शकतो. परदेशी कंपन्यांच्या बाबतीत परताव्यास त्यांच्या देशाचे नियम लागतात.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. २०२० च्या टाळेबंदीत विमाने बंद झाल्यामुळे अडकलेले तिकिटांचे पैसे परत देण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी आदेश दिले. या निर्णयाचा आधार घेऊन 'पैसे कोठे जात नाहीत' असे म्हटले जाते. ते बरोबर नाही. तेथे उड्डाणेच बंद होती. विमान ठरल्या वेळी सुटले आणि प्रवाशापाशी व्हिसा नसला, तर तो धोका सर्वस्वी प्रवाशाचा.

३. विलंब आणि नकार

व्हिसाविषयीची अनिश्चितता एकजिनसी नाही. एक विलंबाची, दुसरी नकाराची. विलंबावर तारीख बदलता येणारे तिकीट हा उपाय आहे. नकारावर तो उपाय नव्हे, तेथे पैसे परत मिळणारे तिकीटच उपयोगी पडते. विक्रेते या दोहोंस 'लवचिक' असे एकच नाव देतात. घेणाऱ्याने मात्र नियम वाचून भेद करावा.

विलंबाची स्थाने अनेक आहेत. नागरिकाच्या जोडीदारास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्याच्या जोडीदारास ती आहे, व त्यामुळे त्याची पाळी मागेपुढे होऊ शकते. एच-१बी धारकाच्या जोडीदारास मिळणाऱ्या एच-४ व्हिसास अशी मर्यादा नाही; पण मुलाखतीची तारीख मिळणे हीच तेथे अडचण असते. मुलाखत झाल्यावरही कलम २२१ (जी) खाली प्रकरण अधिक छाननीसाठी ठेवले जाऊ शकते.

मुलाखतीची तारीख मिळाली म्हणजे निश्चिती झाली, असेही नाही. अमेरिकेने १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची तपासणी सुरू केली, तेव्हा भारतातील अनेक मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. त्यापूर्वी २२ जून २०२० च्या घोषणेने या वर्गांतील नव्या प्रवेशासच स्थगिती दिली होती. ती ३१ मार्च २०२१ पर्यंत टिकली. व्हिसा प्रत्यक्ष हाती येईपर्यंत प्रवासाचा बेत पक्का करू नये, असे अमेरिकेचे परराष्ट्र खाते स्वतःच सांगते, त्यास या अनुभवांचा आधार आहे. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी प्रवासाचे आरक्षण दाखवावे लागते, यावरून काहींचा गोंधळ होतो. परंतु आरक्षण म्हणजे पूर्ण पैसे भरलेले तिकीट नव्हे.

४. एक साधे गणित

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आज घेतलेले, मूळ भाडे परत न मिळणारे तिकीट ६०,००० रुपयांस पडते. व्हिसा आल्यावर घेतल्यास तेच ७५,००० रुपयांस पडेल. पहिले तिकीट वाया गेल्यास कर व शुल्काचे १५,००० रुपये परत मिळतात आणि ४५,००० बुडतात. नवे तिकीट धरून एकूण खर्च १,२०,००० होतो. तारीख बदलता येणारे तिकीट आज ६६,००० रुपयांस मिळते, आणि तारीख बदलल्यास भाड्यातील फरकापोटी १२,००० अधिक द्यावे लागून ते ७८,००० रुपयांस पडते.

ठरलेल्या तारखेपूर्वी व्हिसा हाती येण्याची संभाव्यता 'स' मानू. मग स्वस्त तिकिटाचा अपेक्षित खर्च १,२०,००० उणे ६०,००० स, आणि बदलत्या तारखेच्या तिकिटाचा ७८,००० उणे १२,००० स इतका येतो. थांबण्याचा खर्च ७५,००० हा स्थिर आहे. या तिहींची तुलना केली असता असे दिसते : 'स' एक चतुर्थांशाहून कमी असल्यास थांबावे, एक चतुर्थांश ते सात अष्टमांश या दरम्यान असल्यास तारीख बदलता येणारे तिकीट घ्यावे, सात अष्टमांशाहून अधिक असेल तरच स्वस्त तिकीट खरोखर स्वस्त ठरते.

आठांपैकी सात वेळा खात्री असल्यावाचून जे परवडत नाही, ते तिकीट बहुतेक कुटुंबे निम्म्या खात्रीवर काढतात. पंधरा हजारांची बचत डोळ्यांस दिसते, पंचेचाळीस हजारांचा धोका दिसत नाही. अर्थात हे गणित केवळ विलंबाचे आहे. नकाराचा संभव उल्लेखनीय असल्यास मधला पर्यायही दुबळा होतो आणि थांबण्याचे पारडे जड होते.

५. संभाव्यतेचा अंदाज

'स' कसा ठरवावा? येथे सरासरी फसवी ठरते. अर्जदारांचे दोन गट असतात : बहुतेकांना व्हिसा नेहमीच्या मुदतीत मिळतो, थोडे छाननीत अडकून महिनोन् महिने थांबतात. आपण कोणत्या गटात आहोत हे प्रारंभी कळत नाही. नेहमीची मुदत उलटून गेली की दुसऱ्या गटात असण्याचा संभव वाढतो. घरातील माणसे नेमके उलट अनुमान काढतात : 'इतके दिवस झाले, आता येईलच.' बसच्या रांगेत हा तर्क बरोबर असेल. येथे जितके अधिक थांबलो तितके उरलेले थांबणे लांबण्याचा संभव अधिक.

१९७४ मध्ये अॅरो व फिशर यांनी, आणि १९९४ मध्ये मुंबईत जन्मलेले अविनाश दीक्षित व त्यांचे सहलेखक पिंडाइक यांनी, एक तत्त्व विस्ताराने मांडले : निर्णय मागे घेता येत नसेल आणि पुढे अधिक माहिती मिळणार असेल, तर थांबण्यास स्वतःचे मूल्य असते. व्हिसाच्या बाबतीत ही माहिती टप्प्याटप्प्याने येते. मुलाखतीच्या एका दिवसात ती जितकी मिळते तितकी आधीच्या कित्येक महिन्यांत मिळत नाही. त्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात तिकीट काढणे हे म्हणूनच सर्वांत अविचाराचे.

शिवाय व्हिसा मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी निघावे लागते असे नाही. स्थलांतराचा व्हिसा वैद्यकीय तपासणीच्या मुदतीस धरून साधारणतः सहा महिन्यांपर्यंत चालतो. त्या अवधीत मे-जून किंवा डिसेंबरची गर्दी टाळून तारीख निवडता येते. विवाहास दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी अमेरिकेत प्रवेश केल्यास कायम वास्तव्य प्रथम दोन वर्षांपुरते सशर्त मिळते. वाढदिवस जवळ आला असेल तर चार दिवस उशिरा निघणे हिताचे ठरू शकते.

नागपूरच्या प्रवाशाने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. सोनेगावहून दिल्ली वा मुंबईपर्यंतचा प्रवास पुढील तिकिटास जोडूनच घ्यावा. दोन वेगळी तिकिटे घेतल्यास तारीख बदलताना दोन्हींचा दंड पडतो. आणि तिकिटावरील नाव पासपोर्टाप्रमाणेच असावे. विवाहानंतर नाव बदलावयाचे असल्यास ते अर्जापूर्वी बदलावे वा परदेशी पोहोचल्यावर, मध्येच नव्हे.

६. तिकिटापलीकडील हानी

आपल्या समाजात तिकीट ही केवळ खरेदी नसते, ती घोषणा असते. 'तिकीट निघाले' हे कळताच निरोपाचे जेवण ठरते, नोकरीचा राजीनामा दिला जातो, भाड्याची खोली सोडली जाते. तिकिटाचे बुडालेले पैसे वर्षभरात भरून निघतील; सोडलेली नोकरी तशी परत मिळत नाही, आणि 'अजून गेली नाहीस?' या प्रश्नाला महिनोन् महिने उत्तर देणाऱ्या मुलीचे नुकसान कोणत्याच हिशेबात धरले जात नाही. वरील कोष्टकात ही रक्कम घातली, तर सात अष्टमांशांची मर्यादाही अपुरी वाटू लागेल.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. विरहाच्या प्रत्येक दिवसासही मूल्य आहे, आणि तिकीट हाती असल्याने मनास धीर येतो हे खोटे नाही. परंतु तिकिटामुळे व्हिसा एका दिवसानेही लवकर येत नाही. धीरासाठी मोजलेली ती किंमत आहे, हे ओळखून मोजावी.

७. निष्कर्ष

सारांश, व्हिसाचा शिक्का असलेला पासपोर्ट हाती येईपर्यंत मूळ भाडे परत न मिळणारे तिकीट घेऊ नये. आधी घेणे भागच असेल, तर विलंबाची भीती असल्यास तारीख बदलता येणारे व नकाराची असल्यास पैसे परत मिळणारे तिकीट, त्याचे नियम वाचून, घ्यावे. आणि राजीनामा, खोली सोडणे, निरोप ही कामे तिकिटाच्या नव्हे, व्हिसाच्या तारखेस बांधावीत. भाड्यातील वाढ ही या खबरदारीची किंमत होय. बहुतेक प्रसंगी ती टाळलेल्या हानीहून लहान असते.